फाट्याच्या टोकावर लावलेला बोर्ड कोणाच्या कामाचा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: रात्री पुणे बायपासवरून येताना पुढे पुलावर चढायचं की डावीकडे सर्व्हिस रोडला उतरायचं हे सांगणारा बोर्ड बरोबर जिथे रस्ता फुटतो तिथेच होता, वाचून कळेपर्यंत गाडी टोकापाशी आली, जोरात ब्रेक मारला आणि मागचा ट्रक थोडक्यात थांबला. यात चूक चालकाची की बोर्डाची, असे बोर्ड लागतात तरी कसे, आणि तक्रार करून काही होतं का?

मी रोड सेफ्टी ऑडिटचं काम करतो, म्हणजे रस्ता बांधायच्या आधी ड्रॉइंगवर आणि बांधून झाल्यावर प्रत्यक्ष जागेवर जाऊन इथे माणूस कुठे फसेल ते शोधायचं. बरीच वर्षं हेच करतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण "चूक कोणाची" याचं उत्तर एका शब्दात दिलं तर ते अर्धवट होईल.

आधी साधं गणित. ताशी 80 किलोमीटरने गाडी चालली असेल तर ती एका सेकंदाला साधारण 22 मीटर जाते, 100 ने असेल तर जवळजवळ 28 मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे आपण ज्याला आयआरसी म्हणतो त्यांची, जी मानकं आहेत त्यात चालकाला काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरलेत. म्हणजे 80 च्या वेगाला नुसतं "अरे हे काय" असं होईपर्यंत 55 मीटर रस्ता संपलेला असतो आणि गाडी पूर्ण थांबायला एकूण 120 मीटर लागतात, 100 च्या वेगाला 180 मीटर. आणि हे फक्त थांबण्याचं झालं. फाट्यावर तर थांबायचं नसतं, तिथे बोर्ड वाचायचा असतो, त्यातलं आपलं गाव शोधायचं असतं, मग आरसा बघायचा, इंडिकेटर द्यायचा, मागच्याने जागा द्यायची वाट बघायची, लेन बदलायची, कधी दोन लेन बदलायच्या, आणि वेग कमी करायचा. ही सगळी कामं एकामागोमाग होतात, एकदम होत नाहीत. उजव्या लेनमधून डावीकडच्या फाट्यापर्यंत शांतपणे यायला गर्दीत दहा सेकंद सहज लागतात, म्हणजे 80 च्या वेगाला सव्वादोनशे मीटर, तेही बोर्ड वाचून झाल्यानंतरचे.

आता बोर्ड किती लांबून वाचता येतो ते बघा. आम्ही अंदाजाला असं धरतो की अक्षराची उंची 25 मिलिमीटर असेल तर ते साधारण दहा-बारा मीटरवरून वाचता येतं, त्या हिशोबाने 200 मिलिमीटरचं अक्षर 80 ते 100 मीटरवरून. देवनागरीला तर त्याहून जरा मोठं अक्षर लागतं कारण वरची वेलांटी, मात्रा, खालचा उकार या सगळ्याला जागा द्यावी लागते आणि मग मूळ अक्षर लहान होऊन बसतं, लांबून पहिल्यांदा मात्राच पुसट होतात. म्हणजे बोर्ड चांगला असला, अक्षर मोठं असलं, रात्री नीट चमकत असला तरी वाचायला मिळतात चार-साडेचार सेकंद. तोच बोर्ड फाट्याच्या टोकावर लावला असेल तर त्या चार सेकंदात वाचणं आणि बाकीची दहा सेकंदांची कामं दोन्ही बसवायची. ते बसत नाही. कितीही चांगला चालक असू दे, त्याच्याकडे तेवढा वेळच नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की बोर्ड कुठे लावायचा हे ती वस्तू कुठे आहे यावरून ठरत नाही, चालकाला ठरवायला कुठे सुरुवात करावी लागते यावरून ठरतं. फाटा इथे आहे म्हणून बोर्ड इथे, वळण इथे आहे म्हणून वळणाचं चिन्ह इथे, ही जी सवय आहे ना तिथेच सगळं चुकतं. फाट्याच्या टोकावरचा बोर्ड हवाच, पण तो "हो, हाच तो" असं पक्कं करण्यापुरता. ठरवायचा बोर्ड बराच आधी, आणि एकदा नाही तर निदान दोनदा. एक्स्प्रेसवेवर दोन किलोमीटर, एक किलोमीटर आधीपासून एक्झिटचे बोर्ड येतात ते याचसाठी, एक बोर्ड ट्रकमागे झाकला गेला तरी दुसरा मिळावा.

ट्रकमागे झाकला जाणं ही आपल्याकडची फार मोठी गोष्ट आहे आणि ड्रॉइंगवर ती कधीच दिसत नाही. नियम असा की अवजड गाड्यांनी डाव्या लेनमधून जायचं, तिथे ट्रकची रांग असली की उजवीकडून ओव्हरटेक करणाऱ्याला डाव्या कडेचा बोर्ड दिसतच नाही, बोर्डाची खालची कड जमिनीपासून दोन-सव्वादोन मीटरवर आणि भरलेला ट्रक चार मीटर उंच. सहा पदरी रस्त्यावर हा बोर्ड एकतर मिडियनमध्ये, म्हणजे मधल्या दुभाजकातही लावायला हवा नाहीतर वर गॅन्ट्रीवर, म्हणजे रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या लोखंडी कमानीवर, घ्यायला हवा. त्यात आपल्याकडे प्रत्यक्षात बरेच ट्रक उजव्या लेनने चालतात, कारण डावीकडे उभी वाहनं, उलट्या दिशेने येणारी बाईक, रिक्षा, भाजीचा टेम्पो असं काहीही असू शकतं, आणि कारवाले डावीकडून ओव्हरटेक करतात. म्हणजे कोण कुठल्या लेनमधून बोर्ड बघणार हे नियमावरून ठरवता येत नाही, तासभर त्या जागी उभं राहून बघावं लागतं.

रात्रीचं वेगळंच. दिवसा बोर्ड पेंटमुळे दिसतो, रात्री तो आपल्याच हेडलाइटचा उजेड परत आपल्याकडे पाठवतो म्हणून दिसतो, त्यासाठी त्यावर रेट्रो रिफ्लेक्टिव्ह शीटिंग, म्हणजे उजेड परत फेकणारा पातळ थर, चिकटवलेला असतो. हे शीटिंग वेगवेगळ्या दर्जाचं येतं, साधं इंजिनिअरिंग ग्रेड, मग हाय इंटेन्सिटी, मग मायक्रोप्रिझमॅटिक. आपल्या लो बीमचा झोत मुद्दाम खाली आणि जरासा डावीकडे दिलेला असतो, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून, त्यामुळे डाव्या कडेच्या बोर्डाला बरा उजेड मिळतो, उजवीकडच्याला कमी आणि वर गॅन्ट्रीवरच्याला अगदीच थोडा. म्हणजे वर लावायचा बोर्ड सगळ्यात चांगल्या शीटिंगचा हवा. पण काही ठिकाणी कडेचा आणि वरचा दोन्ही एकाच शीटिंगचे लावलेले असतात आणि मग वरचा रात्री करडा पडतो.

अजून एक गोष्ट जी कारवाल्यांना सहसा माहीत नसते: ट्रकचालकाला तोच बोर्ड कारवाल्यापेक्षा अंधूक दिसतो. शीटिंग उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतं, म्हणजे हेडलाइटकडे. कारमध्ये आपले डोळे हेडलाइटच्या फार वर नसतात, त्यामुळे तो परत आलेला उजेड आपल्याला मिळतो. ट्रकमध्ये माणूस खूप वर बसलेला, हेडलाइट खाली, उजेड त्याच्या डोळ्यांच्या खालून निघून जातो. म्हणजे ज्याला थांबायला सगळ्यात जास्त अंतर लागतं त्यालाच बोर्ड सगळ्यात कमी दिसतो. पुढच्या वेळी एखादा ट्रकवाला फाट्यावर घुटमळताना दिसला तर त्याला शिव्या द्यायच्या आधी हे आठवा.

बोर्डाचा कोनसुद्धा महत्त्वाचा. रस्त्याला अगदी काटकोनात लावला तर जवळ आल्यावर हेडलाइटचा झोत आरशासारखा डोळ्यावर येतो आणि अक्षरं पांढऱ्या झगझगाटात बुडतात, म्हणून तो रस्त्यापासून बाहेरच्या बाजूला साधारण पाच अंश फिरवून लावायचा असतो. पाच अंश म्हणजे काहीच नाही, खांब रोवताना दोन मिनिटांचं काम. पण वळणावर लावताना काटकोन कशाशी धरायचा हेच चुकतं, खांबापाशी रस्ता जसा आहे त्याच्याशी धरतात, खरं तर शंभर मीटर मागून येणाऱ्याच्या नजरेच्या रेषेशी धरायला हवा. त्यामुळे वळणावरचे कितीतरी बोर्ड शेताकडे तोंड करून उभे आहेत.

मग असे बोर्ड लागतात कसे? मुद्दाम कोणी वाईट लावत नाही. डिझायनर ड्रॉइंगवर चेनेज टाकतो, म्हणजे अमुक किलोमीटर अधिक अमुक मीटरला बोर्ड. ड्रॉइंग वरून बघितलेलं सपाट असतं, त्यात चढ संपून उतार कुठे सुरू होतो, पुढचं वळण टेकाडामागे झाकलं जातं का हे डोळ्याला दिसत नाही. मग साइटवर त्या चेनेजला नेमकी विजेची डीपी असते किंवा गटार, किंवा दुकानदार म्हणतो माझ्या दारात नको, तर खांब वीस-तीस मीटर पुढे सरकतो. पुढे सरकतो, मागे सरकत नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय, कारण फाट्याजवळ मोकळी सरकारी जागा हमखास मिळते. बीओक्यूमध्ये, म्हणजे कंत्राटातल्या कामांच्या आणि दरांच्या यादीत, बोर्डाचे पैसे नगावर किंवा चौरस मीटरवर, बोर्ड उभा राहिला, फोटो काढला, बिल निघालं. तो रात्री त्या रस्त्याच्या वेगाने, अनोळखी माणसाच्या नजरेने कोणी बघितला का याची नोंद कुठल्याच बिलात नसते. आणि लावणारी सगळी माणसं त्याच रस्त्यावर रोज जाणारी, त्यांना फाटा कुठे आहे हे पाठ, त्यामुळे त्यांना तो बोर्ड बरोबरच वाटतो.

नंतर रस्ता बदलत जातो आणि बोर्ड तिथेच राहतो. चार पदरी होता तेव्हा रस्त्याच्या कडेपासून दोन-तीन मीटरवर असलेला बोर्ड सहा पदरी झाल्यावर सर्व्हिस रोडच्या पलीकडे जातो. मध्ये मेट्रोचा खांब येतो. पावसाळ्यात गुलमोहर, सुबाभूळ वाढते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निम्मा बोर्ड फांदीमागे. वाढदिवसाचा फ्लेक्स बांधायला बोर्डाचे दोन खांब आयते मिळतात. मधल्या काळात अॅल्युमिनियमचे पत्रे चोरीला जायचे म्हणून कंपोझिट पत्रा वापरायला लागले, पण चोरीला गेलेला बोर्ड परत लागेपर्यंत किती महिने जातात ते विचारू नका. थंडीत पहाटे दव पडलं की शीटिंगवर पाण्याचे थेंब बसतात आणि चांगला बोर्डसुद्धा काळा दिसतो, खडी क्रशरच्या रस्त्यांवर धुळीने तेच होतं. धुण्याचं काम देखभालीच्या करारात असतं. ते होतं का बघायचं तर बोर्डावर हात फिरवून बघा.

नावांचा घोळ वेगळाच. राष्ट्रीय महामार्गांचे नंबर 2010 मध्ये बदलले, जुना 4 नंबर आता 48 झाला, मुंबई गोवा 17 चा 66 झाला, पण लोकांच्या तोंडी आणि काही जुन्या पाट्यांवर अजून जुनेच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नाव बदललं की बोर्ड बदलावाच लागतो, प्रश्न एवढाच की लांब नाव आधीच्याच पत्र्यावर बसवायचं म्हणून अक्षर लहान केलं जातं, किंवा साध्या विनाइलची पट्टी चिकटवली जाते जी दिवसा छान दिसते आणि रात्री चमकत नाही, त्यामुळे बाकी बोर्ड दिसतो आणि नेमकं गावाचं नाव असलेली जागा काळी. नाव लांब झालं तर पत्रा मोठा करायला हवा. ज्या रस्त्यावर बाहेरगावचे लोक सगळ्यात जास्त तिथे तरी.

चांदणी चौकाचं उदाहरण पुणेकरांना लगेच कळेल. जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला, नवीन रचना 12 ऑगस्ट 2023 ला खुली झाली. कोथरूड, बावधन, पाषाण, मुळशी, वारजे, एनडीए, मुंबई, सातारा, इतक्या दिशा आणि त्यांना जोडणारे रॅम्प आणि सर्व्हिस रोड. सुरुवातीला रोजचे लोकही चुकत होते. अशा ठिकाणी एका बोर्डावर सगळी नावं लिहायचा मोह होतो, कारण कोणाचंच गाव राहायला नको. पण चालत्या गाडीतून माणूस एका बोर्डावरची तीन नावं नीट वाचतो, चौथ्याला दमतो आणि सहावं-सातवं वाचायला गेला की रस्त्यावरची नजर काढतो. अशा चौकात माहिती तुकड्यातुकड्याने द्यायला हवी: आधी फक्त एवढंच की मुंबईला जाणाऱ्याने उजवीकडे राहा, शहरात जाणाऱ्याने डावीकडे. पुढे डावीकडे गेलेल्यांना कोथरूड की मुळशी. म्हणजे प्रत्येक वेळी दोनच पर्याय. लोक म्हणतात आता मॅप आहे, बोर्ड कशाला. मॅपला पुलाच्या वरचा रस्ता कुठला आणि खालचा कुठला हे बऱ्याचदा नीट कळत नाही, दोन्ही एकाच जागी दिसतात, आणि नेमकं तिथेच तो "डावीकडे वळा" उशिरा सांगतो. जिथे रस्ते एकावर एक आहेत तिथे बोर्डाची गरज वाढलीय, कमी झालेली नाही.

आता इशाऱ्याच्या बोर्डांबद्दल, कारण तिथे चुकीची जागा म्हणजे नुसतं फाटा चुकणं नाही.

खंबाटकी घाट घ्या. साताऱ्याकडून पुण्याकडे येताना बोगदा लागतो आणि बोगदा संपल्यावर ते कुप्रसिद्ध एस वळण. 10 एप्रिल 2018 ला पहाटे तिथे मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो उलटून 18 जण गेले. त्या अपघाताचं कारण बोर्ड होता असं मी म्हणत नाहीये, मालवाहू टेम्पोत माणसं भरलेली होती. पण ती जागा समजून घेण्यासारखी आहे. दिवसा अंधाऱ्या बोगद्यातून उजेडात आल्यावर डोळ्यांना काही क्षण नीट दिसत नाही. त्यात उतार, म्हणजे वेग आपोआप वाढलेला. आणि बोगद्यातून सुटल्यावर माणसाचं मन मोकळं होतं, पाय अॅक्सिलरेटरवर जातो, हे सगळ्यांचं होतं. अशा जागी वळणाचा बोर्ड बोगद्याच्या बाहेर, वळणाच्या तोंडाशी लावून उपयोग नाही, कारण तो बरोबर त्या आंधळ्या क्षणात येतो. सांगायचं ते बोगद्यात शिरायच्या आधी सांगायला हवं: पुढे बोगद्यानंतर वळण आहे, अमुक वेगाच्या वर जाऊ नका. मग बोगद्यातच वेग उतरवायला लावायचा आणि बाहेर वळणाच्या बाहेरच्या कडेला शेव्हरॉनची रांग. शेव्हरॉन म्हणजे ते बाणाच्या टोकासारखे बोर्ड, ते बाहेरच्या बाजूलाच हवेत आणि एका वेळी निदान दोन-तीन दिसायला हवेत, म्हणजे वळण किती तीव्र आहे ते डोळ्याला न वाचता कळतं. एकच शेव्हरॉन लावलेला असतो तेव्हा तो नुसता खांब असतो. शेवटी खरा उपाय वळणच काढून टाकणं आणि त्यासाठी तिथे नवीन बोगद्याचं काम घेतलं गेलं, पण जोपर्यंत वळण आहे तोपर्यंत बोर्डाची जागा हीच काय ती हातातली गोष्ट.

तसंच पुण्यातला नवले पूल. कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की नऱ्ह्याकडे लांबच्या लांब उतार. 20 नोव्हेंबर 2022 ला एका ट्रकने तिथे जवळपास 48 गाड्यांना धडक दिली होती. उतारावर जड गाडी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरवली की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून धरेनासे होतात, ही गोष्ट ट्रकच्या बाबतीत सगळ्यांना माहीत आहे. मग "लहान गिअरमध्ये उतरा" हा बोर्ड कुठे हवा? उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर, जिथे चालकाला गिअर टाकायला वेळ आहे. उताराच्या मध्यावर तो लावला तर तिथे ट्रकला वेग आलेला असतो आणि जड गाडीचा गिअर त्या वेगात खाली पडतच नाही, बोर्ड वाचूनही तो काही करू शकत नाही. लांब उताराला एकदाच सांगूनही भागत नाही, उतार अजून किती किलोमीटर आहे हे मधे मधे सांगावं लागतं, कारण नवख्या चालकाला थोडा सपाट तुकडा आला की वाटतं संपला.

स्पीड ब्रेकरचंही असंच. आयआरसीच्या जुन्या मार्गदर्शनात गतिरोधकाच्या आधी 40 मीटरवर इशाऱ्याची पाटी असा उल्लेख आहे. गल्लीत, कॉलनीत गाड्या तीस-पस्तीसने चालतात तिथे ते पुरतं. पण आपल्याकडे गतिरोधक राज्यमार्गावर, गावाच्या वेशीवर, शाळेसमोर लोकांच्या मागणीने बसतात, तिथे गाडी येते सत्तर-ऐंशीने आणि तिला चाळीस मीटर म्हणजे जेमतेम दोन सेकंद. तिथे पाटी खूप आधी हवी, गतिरोधकावर पांढरे पट्टे हवेत, कॅट आय, म्हणजे रस्त्यात बसवलेले रात्री चमकणारे ठोकळे, हवेत. सगळ्यात जास्त भोगतो तो बाईकवाला. त्याची नजर खड्ड्यांमुळे दहा-पंधरा मीटरवर खिळलेली, पावसात व्हायझरवर पाणी, बाईकचा उजेड कमी, त्याला वरचा बोर्ड कमीच दिसतो. रस्त्यावर मरणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आहे, तर बोर्डाची जागा ठरवताना आधी त्याचा विचार व्हायला हवा, पण होतो कारवाल्याचा.

"अपघात प्रवण क्षेत्र" हा बोर्ड मला आवडत नाही, स्पष्टच सांगतो. तो वाचून चालकाने करायचं काय? वेग किती करायचा, धोका डावीकडून आहे की समोरून, माणसं रस्ता ओलांडतायत की वळण आहे, काहीच कळत नाही. दोन मिनिटं तो घाबरतो आणि पुढे काही झालं नाही की पुढच्या वेळी असा बोर्ड बघतच नाही. काम संपून महिने झाले तरी उभा असलेला "पुढे रस्त्याचे काम चालू आहे" हेच करतो. त्यावर विश्वास ठेवून वेग कमी केला, काहीच नव्हतं, असं तीन-चार वेळा झालं की पाचव्यांदा जिथे खरोखर खणलंय तिथेही गाडी ऐंशीनेच जाते. खोटा ठरलेला बोर्ड पुढच्या दहा खऱ्या बोर्डांची किंमत घालवतो, म्हणून काम संपल्याच्या दिवशी तो काढणं हे लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे. वेगमर्यादेचंही तसंच, चांगला सरळ रुंद रस्ता आणि एकदम 100 वरून 40 ची पाटी, मधे पायरी नाही, कारण दिसत नाही, आणि पुढे मर्यादा संपली कुठे तेही लिहिलेलं नाही. मग कोणी पाळतं, कोणी पाळत नाही, आणि पाळणाऱ्याच्या मागे न पाळणारा येऊन आदळतो.

आता "चूक कोणाची". कायद्याने बघितलं तर मागून धडक बसली असती तर मागच्याला सुरक्षित अंतर ठेवलं नाही म्हणून आणि तुम्हाला अचानक थांबलात म्हणून, दोघांनाही प्रश्न विचारले गेले असते. बोर्डाला कोणीच विचारलं नसतं. देशात 2022 साली रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि सरकारी अहवालात त्यातली बहुतेक "अतिवेग" या रकान्यात आहेत. त्यातल्या किती जागी बोर्ड उशिरा होता, झाकलेला होता, नव्हताच, हे त्या रकान्यातून कळत नाही, कारण पंचनामा करणारा चालकाचं लायसन्स बघतो, दारू बघतो, टायरच्या खुणा मोजतो, पण शंभर मीटर मागे जाऊन चालकाला काय दिसत होतं ते उभं राहून बघणं त्याच्या कामात धरलेलं नसतं. चालकाची जबाबदारी मी कमी करत नाहीये. फाटा चुकला तर चुकू द्यायचा, सरळ पुढे जायचं, पुढच्या ठिकाणाहून वळून यायचं, ब्रेक मारायचा नाही आणि रिव्हर्स तर कधीच घ्यायचा नाही, हे अगदी पक्कं. दहा मिनिटं जातात. पण एकाच जागी रोज वेगवेगळी माणसं तीच चूक करत असतील तर ती चूक माणसांची राहत नाही. ते ओळखायचंही सोपं आहे: फाट्याच्या टोकावर, जिथे पांढरे तिरके पट्टे असतात तिथे, टायरच्या काळ्या खुणा बघा, क्रॅश बॅरिअरची टोकं वाकलीत का बघा, काचेचा चुरा पडलाय का बघा. आम्ही ऑडिटला गेलो की आधी तेच बघतो.

तक्रार करून होतं का? होतं, पण कशी करता त्यावर आहे. "बोर्ड चुकीचा आहे" एवढंच लिहिलं तर उत्तर येतं "बोर्ड मानकानुसार आहे", आणि खांबाची उंची, रंग, आकार बघितला तर तो खरंच मानकानुसार असतो. म्हणून तक्रारीत जागा नेमकी लिहा: कुठला महामार्ग, कुठल्या दिशेची बाजू, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. गाडीतल्या दुसऱ्या माणसाला, चालवणाऱ्याला नाही, व्हिडिओ काढायला सांगा, दिवसा एक आणि रात्री एक, बोर्ड पहिल्यांदा वाचता आला तिथपासून फाट्याच्या टोकापर्यंत. त्यातून किती सेकंद मिळतात ते मोजा आणि लिहा: "80 च्या वेगाला बोर्ड वाचता आल्यापासून फाट्यापर्यंत फक्त तीन सेकंद मिळतात." या वाक्याला मानकाचं उत्तर देता येत नाही, जागेवर यावं लागतं. आणि काय हवं तेही लिहा: आधी पाचशे मीटरवर एक बोर्ड, फांदी तोडणं, शीटिंग बदलणं, जे असेल ते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 या हेल्पलाइनवर आणि राजमार्गयात्रा अॅपवर तक्रार घेतात. बाकी रस्त्यांसाठी ज्याचा रस्ता त्याच्याकडे, बांधकाम विभाग किंवा महापालिका, आणि त्याची एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, जिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. या समित्या 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर प्रत्येक जिल्ह्यात बंधनकारक झाल्या. अशा बैठकीत आलेल्या तक्रारीवर कोणीतरी जागेवर जातं हे मी पाहिलंय, फोनवर केलेली तक्रार मात्र बऱ्याचदा हवेत राहते.

लेखीच द्या याला अजून एक कारण आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198अ हे कलम आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल करणाऱ्याने ठरवून दिलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी अपंग झालं तर त्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फार नाही. पण त्या कलमात कोर्टाने काय काय बघायचं तेही दिलंय, आणि त्यात हे आहे की रस्त्याची ती स्थिती धोकादायक ठरू शकते हे संबंधित यंत्रणेला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का, आणि तिथे इशाऱ्याच्या काय पाट्या लावल्या होत्या. "आम्हाला माहीतच नव्हतं" हे म्हणणं तुमच्या तारखेच्या, पोच घेतलेल्या अर्जानंतर टिकत नाही. त्यामुळे अर्जाची पोच घ्या, अॅपवर केली तर तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि महिनाभराने तिथून रात्री परत जाल तेव्हा काय बदललं ते त्याच तक्रार क्रमांकाखाली पुन्हा लिहून टाका.